उकिरडा, चूल आणि पऱ्हाटी

सेंद्रिय खताचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठराविक कथा सांगितली जाते. पूर्वी घरोघरी उकिरडा होता. घरातला केर, गोठ्यातले शेण, चुलीतली राख त्यात पडायची, वर्षभरात त्याचे उत्तम खत व्हायचे आणि ते शेतात जायचे. पुढे युरियाची गोणी आली आणि शेतकरी हे सारे विसरला. कथा ऐकायला बरी आहे, तिच्यात थोडे तथ्यही आहे. पण मराठवाड्यातल्या कापूसपट्ट्याला ती लावून पाहिली की ठिकठिकाणी उसवते. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला देवगाव फाटा घ्या. जिंतूर-मंठा रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे मिळतो तिथली ही वस्ती. भोवती काळी जमीन, तीत कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी. या मुलखात उकिरडे होते, पण आज ज्याला आपण कंपोस्ट म्हणतो ते नव्हते, आणि ते नसण्याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान नव्हते. कारण होते घरातली चूल. खताचे काय व्हायचे हे शेतात ठरत नसे, स्वयंपाकघरात ठरत असे. हा इतिहास नीट पाहिला तर कचरा कुजवण्याचा फायदा नेमका कोणता, आणि तो आजच्या पिढीला का घेता येण्यासारखा आहे, हे कळते.

आधी उकिरडा म्हणजे काय होता ते पाहू. गावाच्या जमिनीचे दोन भाग पडत: वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी. उकिरडा या दोहोंच्या सीमेवर, घरामागे किंवा गावकुसाला लागून असे. त्यात रोजचा केर, गोठ्यातली झाडलोट, जनावरांनी खाऊन टाकलेला कडबा, राख आणि पावसाळ्यातले शेण पडे. स्वयंपाकघरातला ओला कचरा मात्र त्यात फारसा नसे, आणि हे आज आपण विसरतो. भाजीची देठे, साली, तांदळाचे धुवण, उरलेसुरले अन्न म्हशीच्या टोपल्यात किंवा शेळीपुढे जाई. दाणे कोंबड्या टिपत. म्हणजे जुन्या घरातला कचरा कमी असण्याचे श्रेय त्या घराच्या शिस्तीपेक्षा दावणीला अधिक आहे. जनावर हेच त्या घराचे कचरा जिरवण्याचे साधन होते आणि उकिरड्यात येई ते जनावराच्या पोटातून उरलेले. उकिरड्याला मानही होता. दिवाळीत गोठ्यात, विहिरीवर, तुळशीपुढे दिवा लागे तसा उकिरड्यावरही लागे, आणि पाडव्याच्या पहाटे घरातला केर काढून तो दिव्यासह उकिरड्यावर नेऊन ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणण्याची रीत खेड्यापाड्यांत होती. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, ही म्हण मात्र त्याचे रोजचे स्थान सांगते. वर्षातून एक दिवस दिवा, बाकीचे दिवस नाक धरून जाणे.

खत कुजवावे लागते हे ज्ञान या देशाला नवे नव्हते. ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत ग्रंथात माघात खताच्या ढिगाची पूजा करून तो खणावा, खत उन्हात वाळवून बारीक करावे, फाल्गुनात शेतातल्या खड्ड्यांत भरावे आणि पेरणीच्या वेळी पसरावे असे सांगितले आहे. खत नसेल तर पीक वाढते पण फळत नाही, असाही इशारा त्यात आहे. हा ग्रंथ बहुधा पूर्व भारतातला, तेव्हा त्यावरून मराठवाड्यातल्या वहिवाटीचा पुरावा काढणे बरोबर नाही. पण ढीग, खड्डा आणि महिन्यांचा हिशेब शेतकऱ्यांच्या विचारात फार पूर्वीपासून होता एवढे त्यातून नक्की दिसते. आपल्याकडेही शेतात मेंढ्या बसवण्याची चाल होती. धनगराचा कळप उन्हाळ्यात रात्री रिकाम्या रानात बसे, लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत मुरे, आणि मोबदल्यात धनगराला धान्य मिळे. मूत्र वाया जाऊ न देणारी ही पद्धत उकिरड्यापेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ होती. जनावर जो नत्र बाहेर टाकते त्यातला निम्म्याहून अधिक मूत्रात असतो. उकिरड्यावर शेण येई. मूत्र गोठ्याच्या मातीत मुरून तिथेच राही. ढीग उघडा असल्याने वैशाखाच्या उन्हात तो वाळे आणि मृगाच्या पहिल्या सरीत त्यातले विरघळणारे सत्त्व ओढ्याला जाई.

पण उकिरड्याचे सर्वांत मोठे नुकसान ऊन-पावसाने केले नाही. ढिगाशी येण्याआधीच त्याचा माल पळवला जात असे. पावसाळा संपला की शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात आणि त्यांच्या कलवडी रचल्या जात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने शेण चुलीत जाई, आणि जे चार महिने गोवरी वाळत नसे त्या महिन्यांचे शेण उकिरड्याच्या वाट्याला येई. ब्रिटिश सरकारने भारतीय शेतीची पाहणी करायला पाठवलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात हेच सांगितले. शेणाचे मोल रयतेला ठाऊक आहे, पण जळण मिळत नाही म्हणून ती शेण जाळते. जिथे लाकूड सहज मिळते तिथे शेण शेतात जाते. म्हणून त्याची मुख्य शिफारस खताविषयी नव्हती, जळणासाठी आणि चाऱ्यासाठी गावोगावी राने राखावीत अशी होती. त्याच्या दहा वर्षे आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने आणि डोंगर जंगलखात्यात गेल्याने शेतकऱ्याची जनावरे कशी घटली ते रागाने मांडले होते. एक सरकारचा पाहुणा आणि एक सरकारचा टीकाकार, दोघांनी बोट ठेवले ते एकाच ठिकाणी: रान गेले की खत जाते. देवगावच्या परिसरासारखा सपाट, काळ्या जमिनीचा, विरळ झाडांचा मुलूख असेल तर ही अडचण आणखी वाढते. इथे जळण म्हणून गोवरीखेरीज पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची वाळकी झाडे) आणि तुराटी (तुरीच्या काड्या) एवढेच हाताशी, आणि तीही खत होऊ शकणारीच वस्तू.

पऱ्हाटीचा मुद्दा थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण या भागाच्या खताचे कोडे तिच्यात आहे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे सुरू झाली, सेलू तिच्यावरचे स्टेशन झाले, आणि निजामी राज्यातल्या या कोपऱ्याचा कापूस थेट मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. रेल्वेने जमिनीचे सत्त्व लुटून नेले असे सरसकट म्हणण्याचा मोह होतो. तेलबियांच्या बाबतीत ते खरे आहे, कारण करडई-जवस बाहेर गेले की पेंडही बाहेर जाते. रुईचे तसे नाही. रुई म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. हवा, पाणी आणि ऊन यांतून झाडाने विणलेली वस्तू. तिच्यात जमिनीतले नत्र, स्फुरद, पालाश नगण्य असते. झाडाने जमिनीतून उचललेले जे काही असते ते सरकीत, पाल्यात, बोंडाच्या टरफलात आणि पऱ्हाटीत राहते. म्हणजे सरकीची पेंड जनावराला आणि पाला-पऱ्हाटी मातीला परत मिळाली, तर कापूस हे जमिनीला कंगाल करणारे पीक ठरू नये. ते ठरले, कारण पऱ्हाटी चुलीत गेली. राखेतून पालाश आणि थोडे स्फुरद वाचले, नत्र धुरावाटे गेला, आणि ज्यावर जमिनीची भुसभुशीत ठेवण पोसली जाते ते सेंद्रिय द्रव्य पार जळून गेले. हा व्यवहार मूर्खपणाचा नव्हता. भाकरी शिजवणे आणि जमीन पोसणे यांत निवड करायची तर कुणीही भाकरीच निवडेल.

या कोड्याला पहिले शास्त्रीय उत्तर मिळाले ते होळकरांच्या इंदुरात, आणि तेही कापसाच्याच निमित्ताने. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ पासून बिहारमधल्या पुसाच्या सरकारी संस्थेत होते. कापूस समितीच्या पैशावर आणि इंदूर दरबारच्या जमिनीवर १९२४ मध्ये तिथे वनस्पती-उद्योग संस्था निघाली तेव्हा ते तिचे संचालक झाले. चिनी-जपानी शेतकरी शतकानुशतके कचऱ्यातून जमीन कशी राखतात याचे किंग या अमेरिकन लेखकाने १९११ साली केलेले वर्णन त्यांच्यापुढे होते. इंदूरच्या गोठ्यात आणि रानात काय पडून असते ते डोळ्यांपुढे होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतीच्या टाकाऊ मालापासून खत करण्याची जी रीत बसवली ती १९३१ च्या त्यांच्या पुस्तकातून ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. युरोप-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक मोठा झरा इथला आहे. आपल्याकडे हे कौतुकाने सांगितले जाते, पण त्या पद्धतीतली सर्वांत उपयोगी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पऱ्हाटी आणि तुराटी सहज कुजत नाही, कारण ती कठीण असते. हॉवर्ड-वाडांनी ती शेतावरच्या रस्त्यांवर पसरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतली. मग ती बैलांखाली अंथरली, म्हणजे मूत्र तिच्यात मुरले. मग शेणकाला, मूत्र मुरलेली गोठ्याची माती आणि लाकडाची राख यांच्याबरोबर ती उथळ खड्ड्यांत थराथराने रचली, ओली ठेवली आणि तीनदा उलथली. साधारण तीन महिन्यांत खत तयार. यंत्र नाही, विकतचे काही नाही.

उकिरडा आणि कंपोस्ट यांतला फरक इथे स्पष्ट होतो. उकिरडा साठवण होती, कंपोस्ट ही प्रक्रिया आहे. नीट रचलेल्या ढिगात हवा, ओल आणि कोरड्या-ओल्या मालाचे प्रमाण साधले की जिवाणूंचे काम जोरात सुरू होते आणि ढिगाचे तापमान साठ अंशांच्या आसपास जाते. त्या उष्णतेत तणांचे बी, रोगजंतू, अळ्या बहुतेक मरतात. नुसत्या पऱ्हाटीत कर्ब फार आणि नत्र कमी, म्हणून ती वर्षभर तशीच पडून राहते. नुसत्या शेणात किंवा स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, म्हणून ते सडते आणि वास मारते. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे मिश्रण जमले की दोघांचेही दोष जातात. घरच्या खड्ड्यालाही हेच लागू आहे. भाजीच्या देठांवर वाळका पाला, सोयाबीनचे भुसकट किंवा मूठभर माती टाकली तर वास येत नाही. वास आला तर कोरडे कमी पडले, आणि कुजणे थांबले तर ओल कमी पडली, एवढे दोन नियम पुरतात.

मग इतकी चांगली पद्धत इंदूरहून फार दूर नसलेल्या परभणीत रुजली का नाही? सरकारी उत्साहाची कमतरता नव्हती. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने शेण जाळण्यावर चिंता व्यक्त केली होती. १९३९ मध्ये बंगळुरात सी. एन. आचार्य यांनी शहरातला केर आणि मैला थर देऊन चरांत पुरण्याची, न उलथता कुजवण्याची पद्धत काढली. १९४३ च्या ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत शहरी कंपोस्टला जोर मिळाला. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांच्या पुढाकाराने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली आणि गांधीजींनी तिची दखल घेऊन लिहिले. त्या महिन्यांत परभणी जिल्हा निजामाच्या ताब्यात होता आणि रझाकारांच्या दहशतीत होता; तिथे कुणाला खताचे खड्डे सुचावेत ही अपेक्षा करणेच चूक. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपल्यानंतर, आणि पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर, हे विचार कागदोपत्री पोहोचले. ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत खताच्या साधनांचे जतन आणि कंपोस्ट तयार करणे हे पंचायतीच्या कामांत धरले गेले आहे. परभणीत १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आले, १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ. पण चुलीत काही बदल झाला नाही. ढीग तीनदा उलथायला माणूस, ओलवायला पाणी आणि मुख्य म्हणजे पऱ्हाटी न जाळण्याची चैन, या तिन्ही गोष्टी कोरडवाहू घराकडे नव्हत्या. त्यातच साठच्या दशकात संकरित ज्वारी आली, तिच्याबरोबर रासायनिक खत आले, आणि खताचा प्रश्न सुटला असे वाटू लागले. युरियाने शेतकऱ्याला उकिरडा विसरायला लावला हे अर्धसत्य आहे. निम्मा रिकामा उकिरडा त्याच्याकडे आधीच होता, गोणीने ती तूट भरून काढली.

या इतिहासाचा आणखी एक पदर आहे, आणि तो टाळून जुन्या गावाचे गुणगान करणे मला अप्रामाणिक वाटते. गावाची घाण उचलणे हे काम जातीने लादले गेले होते. मेलेली जनावरे ओढणे, गावाची झाडलोट हे महार-मांगांच्या वाट्याला आले, मैला उचलणे इतर काही जातींच्या; आणि शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, पाट्या वाहणे घरातल्या बायकांच्या, बिनमोलाने. शहरांलगतच्या ऊसमळ्यांत सोनखताला, म्हणजे मैल्याच्या खताला, मागणी होती, पण ते ज्यांनी वाहिले त्यांना त्यातले सोने मिळाले नाही. आंबेडकरी चळवळीने ही कामे सोडायला सांगितली ते बरोबरच होते, आणि ती सुटल्याने गावाची एखादी ‘पर्यावरणपूरक परंपरा’ बुडाली असेल तर ती बुडायलाच हवी होती. मैला हाताने उचलण्यावर आता कायद्याने बंदी आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून याच गाठीला हात घातला: मैला माणसाने न उचलता मातीखाली जिरून त्याचे खत होईल असा संडास त्यांनी रूढ केला, आणि भंगीकाम स्वतः करून त्याची शिवाशिव मोडली. त्यांच्या कामाचा धडा असा की कुजवण्याची पद्धत चांगली की वाईट हे नत्राच्या टक्क्यांवरून ठरवता येत नाही. ते काम कोण करतो आणि स्वखुशीने करतो का, हेही पाहावे लागते. स्वतःच्या घरचा कचरा स्वतःच्या परसात कुजवणे या कसोटीला उतरते, कारण त्यात दुसऱ्याची घाण तिसऱ्यावर ढकलली जात नाही.

चुलीची अडचण खताच्या पद्धतीतच हिशेबात धरली ती परभणीच्या शेजारी, पुसदला. हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्याची हद्द यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्याला लागून होती. तिथले गांधीवादी कार्यकर्ते नारायण पांढरीपांडे, म्हणजे ‘नाडेप काका’, यांनी विटांचे जाळीदार टाके सुचवले: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके. त्यात सुमारे चौदाशे ते पंधराशे किलो काडीकचरा, पावणेदोन हजार किलो गाळलेली माती आणि अवघे नव्वद ते शंभर किलो शेण. ते उलथावे लागत नाही. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. या रचनेतली शेणाची मात्रा पाहा. हॉवर्डांच्या काळी प्रश्न होता शेणाच्या जोडीने आणखी काय वापरता येईल हा. नाडेप काकांनी शेण केवळ विरजणापुरते ठेवले. बैलजोड्या कमी होत चाललेल्या, ट्रॅक्टरवर आलेल्या गावासाठी हे बरोबर उत्तर होते. शेण घरात जाळणारे कुटुंबही शंभर किलो बाजूला काढू शकते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि आकड्यांचा आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. युरियाच्या पंचेचाळीस किलोंच्या एका गोणीत नत्र वीस किलोंहून थोडा अधिक. म्हणजे एका गोणीइतक्या नत्रासाठी चार टन खत वाहायचे. अनुदानावर मिळणारी गोणी दुचाकीवर येते. चार टनांना ट्रॅक्टरच्या खेपा लागतात. केवळ नत्र हवा असेल तर कंपोस्ट हा महागडा मार्ग आहे, हे सेंद्रियवाल्यांनी मान्य करावे. पण काळ्या जमिनीला केवळ नत्र कमी नाही. ही चिकण माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिबड होते, चुनखडीमुळे तिचा सामू आठच्या आसपास असतो आणि त्यामुळे जस्त आणि लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. मराठवाड्यात या दोन्हींची कमतरता सर्रास आढळते. सेंद्रिय द्रव्याने मातीचे कण रवाळ होतात, पाणी मुरते, ओल टिकते आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये पिकाच्या मुळाला लागू होतात. यातले एकही काम युरिया करत नाही. उलट सेंद्रिय कर्ब असलेल्या जमिनीत टाकलेला युरियाही अधिक लागू पडतो. तेव्हा दोघांत भांडण लावायचे कारण नाही. जमिनीची ठेवण राखण्याचे काम गोणीकडून होत नाही, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप घरचाच आहे. विदर्भातले सुभाष पाळेकर यांनी शून्य खर्चाच्या शेतीत कंपोस्ट आणि गांडूळखताला विरोधच केला. शेण-गोमूत्राचे जीवामृत आणि आच्छादन पुरे, ढीग करून कर्ब हवेत का घालवायचा, असे त्यांचे म्हणणे. ढिगात कर्बाचा मोठा भाग वायू होऊन जातो हे खरेच आहे. तुरीचा पाला, सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट जागेवर आच्छादन म्हणून वापरता आले तर ते कंपोस्टपेक्षा कमी कष्टाचे आणि अधिक फायद्याचे, यात मला शंका नाही. पऱ्हाटीचे तसे नाही. ती न चेचता रानात ठेवली की पुढच्या वखरपाळीत अडकते, आणि बांधावर गंजी करून ठेवली की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. २०१७ च्या हंगामात या अळीने मराठवाडा-विदर्भात केलेला नाश अजून कुणी विसरलेले नाही. तेव्हापासून फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी शेतात साठवू नका, असे कृषी खाते सांगत आले आहे. त्यावर शेतकरी काडी लावतो. पऱ्हाटी बारीक करून तापणाऱ्या ढिगात घातली तर अळीचा आसरा मोडतो आणि माल वाचतो. अर्धकच्चे शेणखत शेतात पसरल्याने हुमणी अळी येते ही तक्रारही खरी आहे, पण ती उकिरड्याविरुद्धची तक्रार आहे. पुरते कुजलेले खत हाच तिच्यावरचा उपाय सांगितला जातो.

तिसरा आक्षेप चुलीचाच. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, खेड्यातल्या घरांत सिलिंडर पोहोचला, म्हणून चूल विझली असे म्हणता येईल का? पूर्ण नाही. टाकी भरून आणायला पैसे लागतात, पाणी तापवायला आणि भाकऱ्यांना चूल पेटतेच. पण दोन गोष्टी बदलल्या आहेत. एक, घरात जाळून उरेल इतकी पऱ्हाटी आता होते. हेक्टरी दोन-तीन टन निघते आणि बीटी वाण आल्यापासून कापसाखालचे रान वाढले. दोन, जे चुलीत जात नाही ते उकिरड्यावर न जाता बांधावर पेटवले जाते. व्होल्करच्या काळी शेणाचा आणि काडीचा धूर भाकरीसाठी निघत होता. आज मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडी शेतांतून निघणाऱ्या धुरावर काहीच शिजत नाही. जुन्या शेतकऱ्याला जी सबब होती ती आजच्या बांधावरच्या काडीला नाही.

फाट्यावरच्या घराचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि आजवरच्या खत-साहित्याने त्याकडे पाहिलेले नाही. गाव शेतीभोवती वसते, फाटा रस्त्याभोवती. टपरी, हॉटेल, दुरुस्तीची दुकाने, भाड्याच्या खोल्या, अशा घरांना दावण नसते, म्हणून त्यांच्या देठ-साली खायला म्हैस नसते. परस असला तर हातभर. कागदी कप, गुटख्याच्या पुड्या आणि भाताचे शिते एकाच पिशवीत रस्त्याकडेला पडतात, मोकाट गाय ती पिशवीसकट चावते, किंवा संध्याकाळी सगळ्याला काडी लागते. प्लास्टिक मिसळले की खत होत नाही, म्हणून कंपोस्ट जमणार नाही असे म्हणणारे असतात. पण मिसळणे हा कचऱ्याचा गुण नाही, ती आपली सवय आहे, आणि ती स्वयंपाकघरातच मोडता येते: ओल्याला एक डबा, बाकीच्याला दुसरा. दावण गेली तिथे तीन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा म्हशीचे काम करू शकतो. चहाचा चोथा, भाजीची देठे, अंगणातला पाला, त्यावर मातीचा हात. दोन खड्डे आलटून पालटून वापरले तर एक भरेपर्यंत दुसरा तयार होतो, आणि दारातल्या कढीपत्त्याला, शेवग्याला, वेलभाज्यांना विकतचे काही लागत नाही.

पाण्याची अडचण उरते. नाडेप टाक्याला भरताना दीड-दोन हजार लिटर पाणी लागते आणि एप्रिल-मेमध्ये इथे प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते. म्हणून टाके भरायची वेळ उन्हाळ्याची नाही. शेवटची वेचणी डिसेंबरात उरकून पऱ्हाटी उपटली, तेव्हा विहिरीला पाणी असते. तेव्हाच ती बारीक करून टाके भरले आणि वरून शेणमातीने लिंपले तर मृगाच्या आधी खत हाती येते. यंत्राने पऱ्हाटी बारीक करणे एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही, पण रस्त्यावरच्या फाट्याला भाड्याने फिरवता येईल असे एक यंत्र ग्रामपंचायत किंवा गटाने ठेवणे अवघड नाही. कायद्याने हे काम पंचायतीच्या यादीत आधीच आहे. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणच्या पंचायतींनी येत्या वेचणीआधी ते हाती घ्यावे.